मातेचे ब-१२ आणि बाळाची मज्जासंस्था

मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, मज्जारज्जू आणि सर्वांगात पसरलेल्या चेता ही रचना आपण सर्वांनी पहिल्या वर्षाला घोकलेली आहे. मात्र ही संस्था जन्मसमयी अपुरी असते, याचा व्यवहारात विसर पडतो. चेतातंतूंवर मायेलिनचे आवरण गर्भावस्थेतच चढू लागते आणि पहिल्या दोन वर्षांत ते काम सर्वाधिक वेगाने चालते. आवरणविरहित बारीक तंतूतून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर जातो. जाड, आवरणयुक्त तंतूतून शंभर मीटरपर्यंत. मान धरणे, बसणे, पहिले पाऊल टाकणे हे सारे या आवरणावर अवलंबून आहे.

हे आवरण घडण्यासाठी आणि टिकण्यासाठी ब-१२ जीवनसत्त्व अनिवार्य आहे. ते वनस्पतिजन्य अन्नात नसते. शाकाहारी व्यक्तीस ते केवळ दूध व दुग्धजन्य पदार्थांतून मिळते. आपल्या इंदूरच्या पोहे-जलेबीत ते शोधून सापडणार नाही!

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्यालगतच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये ब-१२ कमी आढळले. फोलेटची कमतरता मात्र विरळ होती. पुढे याच संशोधकांनी तरुण मुलींना गर्भधारणेपूर्वीपासून रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ दिले. त्यांच्या अपत्यांची दोन वर्षांच्या वयातील आकलन व भाषेची प्रगती सरस आढळली. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. नमुना लहान होता, तरी दिशा स्पष्ट आहे.

या उपेक्षेचे टोकाचे रूप बालरोगतज्ज्ञांना परिचित आहे. केवळ अंगावर पिणारे, गुटगुटीत दिसणारे आठ-दहा महिन्यांचे बाळ. शिकलेले बसणे विसरते, हसणे मावळते, बोटांची पेरे काळवंडतात, केस विरळ होतात आणि हातपाय थरथरू लागतात. ब-१२ दिल्यावर बाळ काही दिवसांतच टवटवीत होते. परंतु बौद्धिक विकासाची हानी प्रत्येक वेळी पूर्ण भरून येत नाही. यात स्तनपानाचा दोष नाही. आईच्याच भांडारात जे नाही, ते दुधात कोठून उतरणार?

शासकीय योजनेतील गर्भवतींच्या गोळीत लोह व फॉलिक आम्ल असते, ब-१२ नसते. एकट्या फॉलिक आम्लाने रक्तक्षय सुधारतो आणि चेतातंतूंची हानी आतल्या आत चालू राहू शकते, हे आपण वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतच वाचले आहे. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, शाकाहारी गर्भवती व स्तनदा मातेस ब-१२ देणे हा अपवाद न राहता नियम व्हावा.

‘गोळ्यांची यादी आधीच लांब आहे,’ हा काही व्यवसायबंधूंचा आक्षेप मला ठाऊक आहे. परंतु गरज दिवसाला अवघी दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आहे आणि औषध स्वस्त व सुरक्षित आहे. शाकाहार हा अनेक घरांचा संस्कार आहे. तो सोडण्याचा आग्रह कोणी धरू नये. स्त्रीरोगतज्ज्ञ व कुटुंबवैद्य मित्रांना एवढीच विनंती, की नवविवाहितेला पहिल्याच भेटीत आहार विचारावा. बाळ आमच्याकडे येते, तेव्हा मज्जासंस्थेच्या घडणीचा मोठा काळ उलटून गेलेला असतो.