पैसे घ्यायचे आहेत, मग पिन कशाला?

जुना फ्रीज, मुलांची सायकल, शिलाई मशीन, एवढंच काय, कुर्बानीचा बकराही आता मोबाइलवर विकला जातो. २०२० च्या बकरी ईदला कोरोनामुळे जनावरांचे बाजार बंद होते. तेव्हा जनावर ऑनलाइन किंवा फोनवरून घ्या, असं राज्य सरकारनंच सांगितलं होतं. ही सवय आता पक्की झाली आहे. सोय झाली हे खरं, पण समोरचा माणूस दिसेनासा झाला. ठकांचं फावतं ते इथेच.

त्यांची पद्धत बहुतेक ठरलेली असते. जाहिरात टाकताच फोन येतो. समोरचा घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य करतो. "मी फौजेत आहे, सामान न्यायला माणूस पाठवतो, पैसे आत्ताच टाकतो," म्हणतो. ओळखपत्राचा आणि वर्दीतला फोटोही पाठवतो. आपल्या नागपूरजवळ कामठीची छावणी आहे, शहरात वायुसेनानगर आहे, विमानतळावर सीआयएसएफ आहे. त्यामुळे इथे असं कुणी सांगितलं तर शंका येत नाही. मग क्यूआर कोड येतो. "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." पिन टाकला की जमा व्हायचं सोडून आपल्याच खात्यातून पैसे जातात. "चुकून झालं, परत करतो" म्हणत दुसरा कोड येतो आणि पुन्हा तेच होतं.

म्हणून घरातल्या प्रत्येकाला एकच गोष्ट पाठ असायला हवी. पैसे घेण्यासाठी ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकून पैसे फक्त जातात, येत नाहीत.

यूपीआयवर एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला पैसे मागण्याची 'रिक्वेस्ट' पाठवण्याची सोय होती. फसवणुकीसाठी तिचा वापर होऊ लागला, म्हणून एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून ती बंद केली. हे चांगलंच झालं. पण क्यूआर कोडचा रस्ता अजून उघडाच आहे, आणि तिथे आपली सावधगिरीच कामाला येते.

घेणाऱ्यांसाठी सापळा वेगळा असतो. बाजारभावाच्या निम्म्यात स्कूटी दाखवायची, मग गेटपासचे, गाडीभाड्याचे पैसे आधी मागायचे. विकणाऱ्याला कधी पैसे जमा झाल्याचा खोटा एसएमएस येतो आणि "जास्त गेले, परत करा" असा तगादा सुरू होतो. अशा वेळी एसएमएसवर जाऊ नका, खात्यातली शिल्लक स्वतः बघा.

कुणी वर्दी दाखवतो, तर कुणी सलाम करून "भाईजान" म्हणतो. आपल्यातलाच आहे म्हटलं की आपण सैल पडतो. पण नाव, फोटो आणि सलाम ही काही हमी नाही. बाजारात आपण बकऱ्याचे दात बघितल्याशिवाय पैसे देतो का? कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. भरोसा हवाच, पण त्यासोबत पडताळणीही हवी. माल डोळ्यांनी बघा, गर्दीच्या ठिकाणी भेटा, सोबत कुणाला तरी न्या आणि पैसे हातोहात घ्या-द्या.

फसवणूक झालीच तर वेळ सर्वांत महत्त्वाची. लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढे काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती रक्कम रोखून धरता येते. ठक राजस्थानात बसलेला असला तरी तक्रार नागपुरातच देता येते. नवीन फौजदारी कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती देण्याची मुभा आहे. स्क्रीनशॉट, नंबर, चॅट काहीही डिलीट करू नका.

अडचण आहे ती घरातच. नवरा रागावेल, सासरी बोलणी बसतील, म्हणून अनेक बायका गप्प राहतात. मुलंही लपवतात. ते गप्प बसलेले तास ठकाच्या फायद्याचे असतात. आम्ही शाळेत रोज बघतो, मार बसणार हे माहीत असलं की मूल खरं सांगत नाही. म्हणून घरात कुणी फसलं तर आधी १९३० लावा. रागवायचं ते नंतर बघू.