कॉम्प्युटर जेव्हा माणूस होता

चंद्रपूरहून रेल्वेने नागपूरला निघालात की वाटेत हिंगणघाट लागतं. भारत त्रिकोणांत मोजायला निघालेला विल्यम लॅम्ब्टन 1823 मध्ये तिथेच वारला. रीत साधी: एक रेषा जमिनीवर साखळीने मोजायची, पुढे फक्त कोन घ्यायचे, बाकी सगळं गणित. हे गणित करणाऱ्या माणसाच्या पदाचं नावच ‘कॉम्प्युटर’! राधानाथ सिकदार 1831 मध्ये त्याच पदावर लागले. पण गणितावर आंधळा भरवसा नव्हता. खूप अंतर गेल्यावर पुन्हा एक रेषा प्रत्यक्ष मोजून ताळा घेत.

आज गडचिरोलीत वनहक्काचा दावा तपासताना उपग्रहाचं चित्र पुढे येतं. प्रोग्रॅम प्रत्येक ठिपक्याला ‘जंगल’ किंवा ‘शेत’ ठरवतो. धानाच्या बांधीत मोहाची झाडं असली, तर? वरून जंगलच दिसू शकतं. आणि सिद्ध करायची असते 13 डिसेंबर 2005 च्या आधीची वहिवाट.

2012 चे सुधारित नियम स्पष्ट आहेत: चित्र हा पूरक पुरावा, इतर पुराव्यांना पर्याय नाही. वनहक्क समितीची स्थळपाहणी, म्हाताऱ्यांचा जबाब हीच इथली साखळी. उपविभागीय समितीने दावा फेटाळल्याचा कागद घरी आला, तर कारण नीट वाचा. जिल्हा समितीकडे जायला 60 दिवस असतात.