‘पोट दुखतंय’ या वाक्याचे वाचन

मराठीत ‘पोट’ हा शब्द फार कामाचा आहे. भूक पोटात लागते आणि मूलही पोटातच वाढते. ‘पोटुशी’, ‘पोटचा पोर’, ‘पोट पाडणे’ यांतले पोट म्हणजे गर्भाशय. ‘पोट बिघडणे’, ‘पोट साफ होणे’ यांतले पोट म्हणजे आतडी. कावळासुद्धा दोन्हीकडे हजर असतो: भूक लागली की पोटात ओरडतो, पाळी आली की बाईला शिवतो. एकाच शब्दात दोन अवयव कोंबणे हे भाषेचे दारिद्र्य आहे असे कुणी म्हणेल. आम्हांस मात्र या ठिकाणी भाषा तिच्या वाचकांपेक्षा शहाणी वाटते.

गंगाखेड, सोनपेठ किंवा पाथरीकडची एखादी बाई दवाखान्यात जाते आणि ‘पोट दुखतंय’ एवढेच सांगते. पाळीच्या आधी चार-पाच दिवस परसाकडला साफ होत नाही, पोट फुगून डब्ब होते, मग पाळी सुरू झाली की त्याच दिवशी ढाळ लागतात, मळमळते, जेवण नकोसे होते, हा सगळा तपशील त्या दोन शब्दांत असतो. तो उलगडून सांगायला ती धजत नाही, कारण शेजारी सासू किंवा नवरा उभा असतो. समोरचाही विचारीत नाही. मग त्या वाक्याचे दोनपैकी एक वाचन होते. पोट म्हणजे जठर असे वाचले तर पित्ताची गोळी. पोट म्हणजे गर्भाशय असे वाचले तर ‘पिशवी खराब आहे’. दोन्ही वाचने अर्धवट आहेत आणि दुसरे तर फार महाग पडते.

शरीरात घडते ते असे. बीज सुटल्यानंतरच्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेले असते. ते स्नायूंना सैल करते, आणि त्यामुळे आतड्यांची हालचालही मंदावते असे मानले जाते. पाळी येण्याच्या सुमारास ते एकदम उतरते आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते, कळा येतात. ही द्रव्ये शेजारच्या आतड्यांवरही काम करतात. म्हणून जुलाब, म्हणून मुरडा. (स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३५ मध्ये या द्रव्यांना नाव दिले ते पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीवरून, कारण ती वीर्यात सापडली होती. बाईच्या कळांना पुरुषाच्या ग्रंथीचे नाव मिळावे, ही आणखी एक भाषिक गंमत.) याच द्रव्यांवरील संशोधनासाठी १९८२ चे वैद्यकाचे नोबेल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन या तिघांना मिळाले. म्हणजे ही नवी किंवा गूढ माहिती नव्हे.

आपल्या जुन्या वैद्यकाने तर दोन्ही गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या होत्या. मल, मूत्र आणि आर्तव यांना बाहेर काढण्याचे काम आयुर्वेदात एकाच अपान वायूकडे आहे. चरकाने सांगितलेल्या वीस योनिव्यापदांत ‘उदावर्तिनी’ नावाची एक आहे: वायू उलटा फिरतो, वेदना होते, आणि रज बाहेर पडले की बाईला बरे वाटते. ‘उदावर्त’ हेच नाव मलाचा वेग अडवल्याने होणाऱ्या पोटाच्या विकारालाही आहे. चरकाला प्रोस्टाग्लँडिन ठाऊक होते असला हास्यास्पद दावा आम्ही करीत नाही. त्याने पाहिले होते, इतकेच. वेग अडवू नयेत या विषयावर त्याने एक सबंध अध्याय खर्चला. मल अडवल्यास ओटीपोटात शूळ, डोकेदुखी, पिंढऱ्या वळणे ही लक्षणे तिथे नोंदलेली आहेत. उसाच्या फडाजवळ कोपीत राहणाऱ्या, आडोशासाठी अंधाराची वाट पाहणाऱ्या बाईला ही लक्षणे कुणी वाचून दाखवायला नकोत.

मग हे एकत्र पाहणे सुटले कुठे? आमच्या मते विटाळाने ते तोडले. पोट बिघडल्याचे चारचौघांत सांगता येते. पाळीचे सांगता येत नाही. याच मराठवाड्याच्या गोदाकाठी वावरलेल्या चक्रधरांनी, महानुभाव परंपरा सांगते त्याप्रमाणे, पाळीच्या स्रावाला शरीराच्या इतर स्रावांच्या पंगतीत बसवले आणि त्याचा वेगळा विटाळ मानू नये असे बजावले. सोयराबाईंनीही देहाच्या विटाळाचा प्रश्न अभंगातून उघड विचारला. इतक्या वर्षांनंतर दवाखान्यातली बाई अजून ‘अडचण’ म्हणते.

याची किंमत काय, ते शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऊसतोड महिलांची पाहणी केली. सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. परभणीतूनही कोयते जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकाचा खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो, आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. महिन्याचे दोन-तीन दिवस ढाळ आणि कळा घेऊन मोळ्या वाहण्यापेक्षा पिशवीच नको, हा हिशेब बाईला पटतो. त्या शस्त्रक्रियांमागे पांढरे जाणे, भीती, दलाली अशी अनेक कारणे होती. सगळा दोष एका शब्दाच्या चुकीच्या वाचनावर टाकणे खोटेपणाचे ठरेल. पण ज्या दुखण्याला अनेकदा वेळेवर घेतलेली साधी वेदनाशामक गोळी, पोटात दोन घास आणि एक दिवसाची विश्रांती पुरते, त्यासाठी अवयव जावा, यात समजूत घालण्याजोगे काही नाही. उलट, पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना असह्य कळ येत असेल, तर गर्भाशयाचे अस्तर आतड्यावर वाढल्याची शक्यता असते. तिथे पित्ताची गोळी तितकीच निरुपयोगी.

लोहाच्या गोळ्यांचीही हीच गत. रक्त कमी म्हणून त्या मिळतात, त्यांनी मलावरोध होतो, तो पाळीआधीच्या मलावरोधात भर घालतो आणि गोळ्या फडताळात पडून राहतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सहभागाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे जास्त लोह-जस्ताचे ज्वारीचे वाण आले. भाकरीतून लोह ही कल्पना आम्हांस आवडते. पण गोळी का सुटली हे तिला विचारायचे राहूनच गेले.

खरे तर विचारण्याची जागा कागदावर तयार आहे. गरोदर बाईच्या कार्डावर शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना असतो आणि आशाताई तो न लाजता भरते. ती तारीख बाळासाठी लागते. पोट दुखते म्हणून आलेल्या बाईच्या केसपेपरवर तो रकाना नसतो.