पवनेचा काठ कुठे आहे?

मराठीत किल्ल्यांवर जेवढे लिहिले गेले आहे, तेवढे किल्ल्यांच्या पायथ्याशी पसरलेल्या पाण्यावर लिहिले गेलेले नाही. जंजिरा, सिंधुदुर्ग यांसारखे जलदुर्ग अर्थातच याला अपवाद. तिथे पाणी हा किल्ल्याचाच भाग असतो. आमच्या मनात आहे ते घाटमाथ्यावरचे पाणी, म्हणजे धरणांचे पाणी. रतनगडावरून भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो, वासोट्यावरून कोयनेचा शिवसागर, आणि लोहगड, तुंग, तिकोना या तिघांवरून पवनेचा. दुर्गभ्रमंतीच्या लेखांत हे पाणी येते ते बहुधा शेवटच्या परिच्छेदात, माथ्यावरून दिसणाऱ्या देखाव्याचा एक तुकडा म्हणून. 'निळेशार', 'विस्तीर्ण', 'नजर खिळवून ठेवणारे' अशी दोन-तीन विशेषणे त्याच्या वाट्याला येतात आणि लेखक गड उतरू लागतो. हे केवळ शैलीचे दारिद्र्य आहे असे आम्हाला बरीच वर्षे वाटत होते. गेल्या हिवाळ्यातल्या एका दिवसाने हे मत आम्हाला बदलावे लागले. ते कसे बदलले हे सांगताना आमची स्वतःची एक चूकही सांगावी लागणार आहे.

आमच्या वाचनमंडळातल्या सहा जणांनी एका रविवारी पवनेचा जलाशय वल्ह्यांनी ओलांडून तुंग चढायचा आणि संध्याकाळच्या आत परत यायचे असे ठरवले. कल्पना तशी नवी नाही. तुंग आणि तिकोना एका फेरीत करणारे जुने भटके ब्राह्मणोलीहून लाँचने केवऱ्याला उतरत आणि तिथून चालत तुंगवाडी गाठत, असे आम्ही ऐकून होतो. आम्हाला मात्र लाँच नको होती. हल्ली ज्यांना 'कनू' म्हणतात तशा लांबट, उघड्या दोन होड्या आम्ही मिळवल्या. एका होडीत आमच्यातले तिघे आणि दुसऱ्या होडीत उरलेले तिघे अशी वाटणी झाली. दुसऱ्या होडीच्या मागच्या टोकाला दिशा सांभाळायला काठावरच्या वस्तीतले सत्तरीचे एक बाबा बसले. पाण्यात उतरताना अंगात जीवरक्षक जाकिटे होती, आणि दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा एक वाजायच्या आत गड उतरून पाण्याशी या, ही बाबांची ताकीद डोक्यात होती.

होडीत बसलेल्या माणसाची नजर पाण्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम हात-दोन हात वर असते. गडावरून जे पाणी एकसंध निळे पान वाटते, ते इथून तसे मुळीच दिसत नाही. कुठे ते गढूळ, कुठे काळे. कुठे वल्हे खाली चिखलाला टेकते, तर कुठे अख्खे बुडवले तरी तळ लागत नाही. साधारण मध्यावर आल्यावर बाबांनी वल्हे आडवे धरले आणि अगदी सहज, जाता जाता घर दाखवावे तसे म्हणाले, "आत्ता आपण आमच्या खळ्यावर आलो बगा." आमच्यातल्या एकीने विचारले, "कशावरून, बाबा?" त्यावर त्यांनी समोरचा तुंग, उजवीकडची एक टेकडी आणि मागचा तिकोना यांच्याकडे वल्ह्यानेच खुणा केल्या. तीन डोंगर जागचे हलले नाहीत, तेव्हा खळे हलण्याचे कारण नव्हते. धरणात पाणी अडले तेव्हा बाबा पंधरा-सोळा वर्षांचे होते. आम्ही गप्प बसलो. ते पुन्हा वल्हवू लागले.

तुंगचा चढ फार मोठा नाही, पण उभा आहे. वल्हवून खांदे भरून आलेले, आणि आता पोटऱ्यांची पाळी. पायथ्याच्या मारुतीपासून कातळातल्या पायऱ्या, वळणाआड लपलेला दरवाजा, वर गणपतीचे छोटे देऊळ, पाण्याचे टाके आणि निमुळत्या माथ्यावर तुंगाईचे ठाणे. 1665च्या पुरंदरच्या तहात जे 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत तुंग आणि तिकोना हे दोन्ही होते. माथ्यावरून लोहगड, विसापूर, तिकोना, कोरीगड दिसतात आणि मधे पवनेचे पाणी. तेच निळे, विस्तीर्ण, नजर खिळवून ठेवणारे! फरक एवढाच की आता त्या निळ्यात आम्ही एक खळे शोधत होतो, आणि ते सापडत नव्हते. डोंगरांची ती तीन टोके जुळवून पाहण्याची रीत आम्हाला साधली नाही.

इथे आमची चूक सांगायला हवी. गो. नी. दांडेकरांची 'पवनाकाठचा धोंडी' ही कादंबरी आमच्यातल्या दोघांनी वर्गात शिकवलेली आहे आणि मंडळात आम्ही सर्वांनी मिळून वाचलेली आहे. तुंग किल्ला आणि त्याच्या भोवतीचा पवन मावळ हे या कादंबरीचे क्षेत्र. शिकवताना, आणि नंतर एका टिपणातही, आम्ही असे लिहून गेलो होतो की तुंगवरून दिसणारा जलाशयाचा विस्तार पाहिल्याखेरीज या कादंबरीतला निसर्ग उमगत नाही. विद्यार्थ्यांनी ते वाक्य उत्तरपत्रिकांत निष्ठेने उतरवले. वस्तुतः कादंबरी पन्नासच्या दशकातली आणि धरण सत्तरच्या दशकाच्या आरंभीचे. दांडेकरांच्या धोंडीने हा जलाशय कधी पाहिलेलाच नाही. त्याने पाहिली ती नदी: उन्हाळ्यात पायी ओलांडता येणारी, पावसाळ्यात अडवणारी, दोन्ही काठांना शेते आणि गावे असणारी. शीर्षकातला 'काठ' हा शब्द आम्ही शेकडो वेळा उच्चारला, पण तो काठ आज कुठे आहे हे एकदाही विचारले नाही. तो पाण्याखाली आहे. आम्ही विद्यार्थ्यांना जे दाखवत होतो ते कादंबरीचे स्थळ नव्हते, त्या स्थळाला झाकणारे पाणी होते.

ही चूक माहितीची आहे असे म्हणून सोडता आली असती, कारण दोन सनावळ्या शेजारी ठेवल्या असत्या तरी ती टळली असती. पण त्या शेजारी ठेवाव्यात असे आम्हाला सुचले नाही, आणि ते का सुचले नाही हा प्रश्न वाङ्मयीन आहे. आमचे उत्तर असे, की डोंगरमाथ्यावरून जग पाहण्याची एक लकब आमच्या वाचनात मुरलेली आहे. उंचीवरून सगळे एकाच वेळी दिसते आणि म्हणूनच ते नेहमीच तसे असावे असे वाटते. माथ्यावरच्या माणसाला इतिहास आठवतो तो तटबुरुजांचा. पायथ्याचे पाणी त्याला निसर्ग वाटते. 1665 साल त्याला पाठ असते आणि 1972 साल त्याच्या खिजगणतीत नसते.

नाव आणि डोंगर यांचा असा मेळ साहित्यात ज्याने घातला त्या हेन्री डेव्हिड थोरोची इथे आठवण होणे अपरिहार्य आहे. 1839 साली तो आणि त्याचा भाऊ जॉन यांनी स्वतः बांधलेल्या नावेतून कॉन्कर्ड आणि मेरिमॅक या नद्यांवरून प्रवास केला, नाव काठाला ठेवून ते पायी न्यू हॅम्पशरच्या पर्वतांकडे गेले, माउंट वॉशिंग्टन चढले आणि परत नावेत बसून घरी आले. जॉन 1842मध्ये धनुर्वाताने वारला. 1849 साली थोरोने या प्रवासावर पुस्तक काढले तेव्हा दोन आठवड्यांचा एक आठवडा केला आणि सात वारांची प्रकरणे पाडली. त्यात दुसऱ्या एका वेळच्या, दुसऱ्याच डोंगराच्या चढाईचे वर्णन सविस्तर आहे; पण ज्या शिखरासाठी नाव काठाला लावली होती, ते शिखर मात्र दोन-चार ओळींत आटोपले आहे. पाने भरली आहेत ती नदीने. आणि त्या नदीत बिलरिकाचे धरण आहे. धरणामुळे वर येऊ न शकणारे मासे आणि पाण्याखाली गेलेली काठची कुरणे यांच्याविषयी थोरो तळमळीने लिहितो. पर्वत त्याच्यावर रुसला असे काही झालेले नाही. नावेत बसलेल्या माणसाला काठ कुठवर होता आणि आता कुठवर आला आहे हे दिसते, एवढेच.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा, की कादंबरी ही कादंबरी असते. तिचे स्थळ शब्दांत असते, नकाशावर नसते, तेव्हा ते पाण्यात गेले काय आणि राहिले काय! हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, पण तो आमच्या चुकीवर पांघरूण घालत नाही. स्थळ शब्दांतच असेल तर ते शब्दांतून काढावे. आम्ही ते तुंगच्या माथ्यावरून काढू पाहिले आणि चुकीचे काढले. शिवाय, ज्या स्थळाचे शब्दांवाचून काहीच उरलेले नाही, त्याच्या बाबतीत तर ते शब्द अधिक काळजीने वाचायला हवेत. पवनेच्या जुन्या काठाचे वर्णन करणारी पाने आज साहित्य आहेतच, शिवाय एका अर्थाने दप्तरही आहेत.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. तो असा, की धरणग्रस्तांवर मराठीत लिहिले गेलेच आहे. शेजारच्या मुळशीच्या सत्याग्रहाचा इतिहास विनायकराव भुस्कुटे यांनी लिहून ठेवला. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. हे खरे आहे. पण ही पुस्तके आम्ही वेगळ्या खणात ठेवतो. एक खण विस्थापितांच्या साहित्याचा आणि दुसरा दुर्गसाहित्याचा, निसर्गलेखनाचा. पहिल्या खणातली पुस्तके वाचताना आम्ही गंभीर असतो आणि दुसऱ्यातली वाचताना सुटीवर असतो. दोन्ही खणांतली भूमी एकच आहे याची जाणीव अभ्यासक्रमाला होत नाही आणि, कबूल करायला हवे, आम्हालाही खळ्यावरून होडी जाईपर्यंत झाली नव्हती. आमची सूचना साधी आहे: 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'झाडाझडती' एकाच सत्रात, एकापाठोपाठ एक शिकवावीत. स्थळे वेगळी, लेखकांचे स्वभाव वेगळे, पण पहिलीतल्या काठाचे पुढे काय होऊ शकते हे दुसरी सांगते, आणि दुसरीत काय हरवले ते पहिली.

या सगळ्यात आम्ही तटस्थ नाही. आमच्यातले तिघे पिंपरी-चिंचवडमध्ये राहतात. त्यांच्या नळाला येणारे पाणी पवनेचे. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी ही पवनेच्या धरणग्रस्तांची मागणी कित्येक दशके रेंगाळली, आणि बंद जलवाहिनीच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर मावळातले शेतकरी उतरले तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. त्या दिवशीचे वर्तमानपत्र आमच्यापैकी काहींनी त्याच पाण्याचा चहा पीत वाचले असेल. धरण नको होते असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण पाणी प्यायचे आणि वर त्याला 'निळाशार देखावा' म्हणायचे, एवढे तरी टाळता येईल.

गड उतरायला आम्हाला उशीर झाला आणि बाबांची ताकीद खरी ठरली. परतताना वारा तोंडावर होता, होडीचे नाक सारखे वळत होते आणि जाताना लागला त्याच्या दुप्पट वेळ लागला. बोलायला दम नव्हता. काठाला लागल्यावर बाबांनी सांगितले की उन्हाळ्यात या, पाणी उतरले की वाघेश्वराचे देऊळ उघडे पडते. वर्षातले बरेच महिने पाण्यात राहणारे हे जुने दगडी शिवमंदिर पाहायला हल्ली बरेच लोक येतात, हे आम्हाला ठाऊक होते. "आणि खळे?" आम्ही विचारले. "ते नाय दिसत. त्याच्यावर गाळ बसलाय," बाबा म्हणाले, आणि होड्या ओढून घ्यायला वाकले.

उन्हाळ्यात आम्ही जाणार आहोत. या वेळी दोन्ही शिक्षक आपापल्या वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना सोबत नेणार आहेत. कादंबरी सोबत असेल, आणि तुंग चढायचा तो पाण्यावरून जाऊन आल्यानंतरच, असे ठरले आहे.