आधी उंबरा पाहा, मग रंग

कोकणातल्या बऱ्याच मुस्लिम घरांतले एखादे तरी माणूस परदेशात असते. कुणाचा मुलगा आखातात, कुणाची बहीण इंग्लंडात. त्यामुळे तिकडचे प्रश्नही फोनवरून आपल्या दस्तरखानापर्यंत येतात. या महिन्यात आमच्याकडे आलेला प्रश्न मात्र नेहमीचा नव्हता. शिक्षण नाही, नोकरी नाही, लग्नही नाही. आमच्या आपांचा मुलगा लँकेशायरमध्ये राहतो. त्याला जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे.

गाडीचे नाव एमजीबी. भाच्याने तीन वर्षांत ८ हजार पौंड साठवले आहेत. घरात बायको आहे, दोन वर्षांची मुलगी आहे. आपांचे म्हणणे, एवढ्या पैशात स्वतःच्या घराची सुरुवात होईल. दुल्हाभाई तरुणपणी कापड गिरणीत रात्रपाळी करायचे, तेव्हा याच गाड्या रस्त्यावर नव्या होत्या. त्यांनी कधी घेतली नाही. आता मुलगा घेतो म्हटल्यावर ते गप्प आहेत, आणि आपांच्या मते हे गप्प राहणे म्हणजे होकारच. शेवटी आपा आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही मास्तर लोक, तुम्हीच त्याला समजवा."

आम्ही समजावले, पण हौस सोड असे सांगितले नाही. तीन गोष्टी आधी ठरवायला सांगितल्या. पहिली, ही गाडी व्याजाचे कर्ज काढून किंवा उसनवारी करून घ्यायची नाही. दुसरी, कामावर जायला आणि मुलीला दवाखान्यात न्यायला घरची रोजची गाडी वेगळी राहील. तिसरी, जुन्या गाडीला उभे राहायला कोरडी, छपराखालची जागा हवी. तिन्हींना त्याचे 'हो' आले. मग चौथी गोष्ट सांगितली: सगळे ८ हजार खरेदीत घालू नकोस. साडेपाच हजारांच्या आत गाडी बघ, उरलेले पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला बाजूला ठेव. विकत घेण्यापुरते पैसे असतात आणि सांभाळण्यापुरते नसतात, अशी माणसेच अडचणीत येतात. अशा गाड्या मग वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली पडून राहतात.

गाडीची निवड मात्र त्याने चांगली केली आहे. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात तयार झाली. सगळे प्रकार धरून ५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही नवे मिळतात. १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने जुन्याच साच्यांवर गाडीचा पूर्ण सांगाडा नव्याने बनवायला घेतला. इंजिन चार सिलिंडरचे, १७९८ सीसीचे, साधे. हातात पाने आणि अंगात सबुरी असलेला माणूस बरीचशी कामे स्वतः करू शकतो.

या गाडीचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक उघड्या टपाची, आणि दुसरी १९६५ मध्ये आलेली, पक्क्या छपराची 'जीटी'. उघडी गाडी फोटोत छान दिसते, पण जीटी साधारणपणे स्वस्त मिळते आणि तिकडच्या पावसात तीच बरी. दुसरा फरक बंपरचा. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या नियमांसाठी चकचकीत क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही थोडी वाढवली. शौकिनांना क्रोमची गाडी आवडते, म्हणून रबरी बंपरची कमी किमतीत मिळते. पहिल्यांदा घेणाऱ्याने हीच पाहावी, असे आम्ही भाच्याला कळवले. इंजिन तेच, सांगाडा जवळजवळ तोच.

आता मुख्य मुद्दा, गंजाचा. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज धरतो, आणि सोबत मीठ असेल तर लवकर धरतो, हे आम्ही शाळेत दरवर्षी शिकवतो. दापोली-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घराचे पत्रे कसे खाल्ले जातात ते आपण पाहतोच. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चाकांबरोबर उडते आणि गाडीच्या पोटाला चिकटते. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यात सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे दोन्ही दारांखाली पुढून मागे जाणारी पोकळ पेटी. आपण तिला गाडीचा उंबरा म्हणू. उंबरा आतून कुजला की गाडी मधोमध खचू लागते.

तो तपासायचा कसा? दिवसा आणि कोरड्या हवेत जा. ओली गाडी नेहमीच चमकते. दार उघडा आणि लावा. दार आणि उंबरा यांमधली फट सगळीकडे सारखी आहे का पाहा. उघडे दार हाताने हळूच उचला. ते बिजागरीत खाली-वर होत असेल तर बिजागरीची झीज असेल. पण लावलेल्या दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, तर सांगाडा खचल्याची शंका घ्या. फडक्यात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक उंबऱ्यावरून फिरवा. जिथे ते पकडत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. खाली वाकून जॅक लावायची जागा पाहा, आणि सीटमागची बॅटरीची पेटीही उघडून पाहा. त्यानंतर इंजिन. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन कसे सुरू होते, किती धूर देते, हे त्याच वेळी कळते. इंजिन तापल्यावर चालत्या गाडीत तेलाचा काटा ५० च्या आसपास राहिला पाहिजे.

भाच्याने आतापर्यंत तीन गाड्या पाहिल्या. पहिली लाल, आरशासारखी. चुंबक तिच्या उंबऱ्यावर कुठेच टिकेना. विकणारा म्हणाला, "रंग गेल्याच महिन्यात केलाय." दुसरीचे दार लावताना खांदा लावावा लागला. तिसरी जीटी, रंग उडालेली, सीट फाटलेली, पण उंबरे ठणठणीत, आणि मालकाने आत केलेल्या वेल्डिंगचे फोटो स्वतःहून दाखवले. मालातला दोष आपणहून सांगणारा विकणारा भेटला तर थोडे जास्त मोजायलाही हरकत नाही. फाटलेली सीट वर्षभराने शिवता येते. कुजलेला सांगाडा दुरुस्त करायला गाडीच्या किमतीहून जास्त पैसे लागू शकतात.

कागदपत्रांत तिकडचे नोंदणीपत्र पाहायचे आणि त्यावरचा सांगाड्याचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळवायचा. त्या पत्रावरचे नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून खरेदीची सही केलेली पावती वेगळी घ्यायची. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपेक्षा जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक 'एमओटी' तपासणीची सक्ती २०१८ पासून नाही. तरी भाच्याला आम्ही बजावले आहे, बेटा, सवलत असली तरी तपासणी करून घे. गाडी रस्त्यावर चालण्यालायक ठेवायची जबाबदारी कायद्याने तुझ्यावरच आहे, आणि शेजारच्या सीटवर तुझी बायको बसणार आहे.

गाडी घरी आल्यावर पहिला महिना लांबचा प्रवास नको. इंजिन तेल, फिल्टर आणि कूलंट बदला. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, ते आणि ब्रेकचे रबरी पाईप नवे घाला. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी दहा-बारा वर्षांचे टायर काढून टाका. पुढच्या चाकांच्या खुंट्यांना ग्रीस भरा. या गाडीत ते दर काही हजार मैलांनी भरावेच लागते. पेट्रोलचेही पाहावे लागेल. तिकडे सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून कमी इथेनॉलचे 'सुपर' भरा, नाहीतर इंधनाचे पाईप नव्या जातीचे बसवा.

एअरबॅग नाही, एबीएस नाही. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. आजच्या गाडीची सवय असलेल्या पायाला हे ब्रेक उशिरा लागतात. म्हणून पहिले काही आठवडे रिकाम्या रस्त्यावर एकट्याने चालवावे, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावे. मुलीला मात्र रोजच्या गाडीतच बसवायचे. इथे आमचे आणि आपांचे मत एक आहे.

हे वाचून आपल्याकडेही कुणाला जुन्या गाडीची आठवण झाली असेल. मद्रासला १९६१ पासून बनलेली स्टँडर्ड हेरल्ड आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिच्याच मूळ चेसिसवर इंग्लंडात ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार उभी राहिली. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नोंदणी क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नोंदणीला ५ हजार. मात्र ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीसारख्या कामांनाच काढता येते.

गाडी तिकडची असो वा इकडची, पहिल्या दिवसापासून एक वही घाला. कोणत्या तारखेला कोणता भाग बदलला, किती खर्च आला, काय अजून बाकी आहे, सगळे लिहा. घरात हिशेब उघडा राहतो, आणि उद्या गाडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्यापुढे तीच वही ठेवता येते. त्यात बाकी राहिलेले दोषही असू द्यावेत.