तिकडे संस्कृती, इकडे अंधश्रद्धा

मुलांना वाचनाकडे ओढायचे असेल तर राजाराणीच्या गोष्टीपेक्षा इजिप्तची ममी अधिक कामाची. तिथे मृताच्या नाकातून आकडा घालून मेंदू बाहेर काढत. पोट चिरून जठर, आतडी, यकृत आणि फुप्फुसे वेगळी करत, चार भांड्यांत ठेवत. हृदय मात्र शरीरातच राहू देत. एवढे वाचून झाले की शेवटच्या बाकावरचे पोरही मान वर करते. मृत्यू, हाडे, खजिना आणि थोडीशी किळस, सगळेच एका ठिकाणी! असा माहितीपर मजकूर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जिल्हा परिषद शाळांत आणि आश्रमशाळांत भरपूर जावा. ‘जंगलातल्या मुलांना त्यांच्या परिसरातलेच काही द्या’ हा आग्रह वरवर प्रेमाचा वाटतो, पण तो मुलांचे जग आखूड करतो. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या मुलीचा नाईल नदीवर ठाण्याच्या मुलीइतकाच हक्क आहे.

खरे तर ममीचा धडा कळायला एटापल्लीची मुलगी अधिक तयारीची आहे. ममीचे सारे रहस्य शरीरातले पाणी काढून टाकण्यात होते. त्यासाठी नेट्रॉन नावाचा, कोरड्या तळ्यांच्या काठी साठणारा सोडायुक्त खार वापरत. मृतदेह सुमारे 40 दिवस त्या खारात ठेवत आणि मग तेले, राळ, लिननच्या पट्ट्या असे सोपस्कार धरून सगळे काम 70 दिवसांत उरके. ज्या घरात मासे सुकवून पावसाळ्यासाठी ठेवतात आणि मोहफुले अंगणात पसरून राखतात, तिथल्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे अशी प्रेते का टिकली नाहीत, याचे उत्तरही ते स्वतःच देईल. वर्षाला हजार मिलिमीटरच्या बऱ्याच वर पाऊस, ओली माती, वाळवी आणि मुंग्या. इजिप्तमध्ये मसाले भरण्याची कला येण्याच्या आधीही नुसत्या तापल्या वाळूत पुरलेली प्रेते आपोआप सुकून टिकली होती. प्रेतांची राखण करणारा देव अनुबिस कोल्ह्याच्या तोंडाचा का, हेही या मुलांना विचारून पाहावे. पुरलेल्या जागेवर दगड का रचतात ते ज्याला ठाऊक आहे, त्याला कोल्ह्याचा आणि थडग्याचा संबंध चटकन लागतो.

अडचण येते ती ममीच्या धड्यातल्या पुढच्या परिच्छेदात. ‘मृत्यूनंतरही जीवन असते अशी इजिप्शियन लोकांची श्रद्धा होती, म्हणून ते मृतासोबत अन्न, दागिने आणि रोजच्या वापरातल्या वस्तू ठेवत.’ याला आपण प्राचीन संस्कृती म्हणतो, त्यावर प्रश्न काढतो, दोन गुण देतो. गडचिरोलीतल्या भामरागडकडचे माडिया आदिवासी मेलेल्या माणसासाठी आजही दगड उभा करतात, त्याच्या वापरातल्या वस्तू तिथे ठेवतात, त्याला खाऊपिऊ घालतात. हे मात्र बहुतेक वेळा अंधश्रद्धा, फार तर ‘मागासलेल्या चालीरीती’ या सदरात पडते. वर्गातले पोर दोन्ही ऐकते. फॅरो राजाचा आजोबा थोर आणि आपला आजोबा अडाणी, असा हिशेब ते मनात मांडते आणि पुढे घरच्या दगडाविषयी शाळेत चकार शब्द काढत नाही. हे शिकवणारे आपण कोण? दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना म्हणून नदीकाठी ताटकळणारे, ‘त्यांची काही इच्छा राहिली असेल’ असे कुजबुजणारे.

आमचा आक्षेप चिकित्सेला नाही. चिकित्सा करायची तर सगळ्यांची करा. पण मग ती माहितीपर वाचनाच्या शिस्तीने करावी, आणि त्या शिस्तीचा पहिला प्रश्न ‘हे कशावरून?’ असा आहे. ममीबद्दल आपल्याला कळले ते इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातल्या हेरोडोटसच्या वर्णनावरून, थडग्यांतल्या चित्रांवरून, अलीकडे सीटी स्कॅनवरून. थडगे उघडणाऱ्याला शाप बाधतो या कथेलाही हाच प्रश्न विचारता येतो: 1922 साली तुतनखामेनचे थडगे शोधणारा हॉवर्ड कार्टर त्यानंतर थेट 1939 पर्यंत जगला. आता हाच प्रश्न घेऊन विदर्भात या. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात उकरली. माहुरझरीला माणसांबरोबर तांब्याच्या साजासह पुरलेले घोडे सापडले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या हिरापूरला अजस्र शिळांची दफनस्थाने उभी आहेत. ही महापाषाणांची परंपरा अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. हे दगड कोणी, कशासाठी, किती माणसे लावून उभे केले असतील, याचा अंदाज बांधायला पुरातत्त्वाचे अभ्यासक जातात कुठे? माडिया गावांत. जी रीत शाळेत सांगायची चोरी, तिच्यावर विद्यापीठांत प्रबंध होतात!

राजांच्या बाबतीत आपण असे चुकत नाही. चंद्रपूरला अचलेश्वर मंदिराजवळ गोंडराजा बीरशहाची समाधी आहे. राजाचा खून झाला, त्याची राणी हिराई हिने ती बांधवली आणि पुढे राज्यही चालवले. समाधीला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे, शाळांच्या सहली तिथे येतात. नवऱ्याच्या स्मारकासाठी कारागीर लावणारी राणी आणि आईच्या नावाने डोंगरातून दगड वाहून आणणारा माडिया माणूस यांच्यात फरक ऐपतीचा आहे. एकीच्या समाधीला वारसा म्हणणाऱ्याने दुसऱ्याच्या दगडालाही म्हणावे.

लगेच कोणी उत्साही मंडळी ‘आपल्या गावातील दगडांचे फोटो काढून आणा’ असा उपक्रम देतील, म्हणून एक सावधगिरी. त्या दगडांमागे माणसे आहेत, जशी ममीमागे; ममी हीसुद्धा एकेकाळी कुणाची तरी आई, बहीण, मूल होती. हैदराबादच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात 1930 पासून एक इजिप्शियन ममी आहे; सिरोंच्याच्या लोकांना नागपूरपेक्षा ते शहर जवळचे. तिच्यासमोर मुलांना नेले तर आधी हे सांगायला हवे की काचेमागे वस्तू नाही, माणूस आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तिकिटे लावून ममींच्या पट्ट्या सोडत असत. उलट 22 राजे-राण्यांच्या ममींना इजिप्तने एप्रिल 2021 मध्ये कैरोच्या रस्त्यांवरून शाही मिरवणुकीने नव्या संग्रहालयात नेले. हा बदल कसा झाला, हेही धड्यात यायला हवे; पोटातली आतडी कोणत्या भांड्यात, यापेक्षा ते जास्त महत्त्वाचे आहे.

तेव्हा करायचे ते असे. ममीची पुस्तिका जशी असते तशीच सोळा-वीस पानांची, चित्रांची, स्वस्त पुस्तिका विदर्भातल्या शिळावर्तुळांवर आणि माडियांच्या स्मृतिशिळांवर निघावी. मराठीत निघावी आणि माडियातही, कारण भामरागडच्या पहिलीतल्या मुलाला मराठी ही शाळेत भेटणारी दुसरी भाषा आहे. दोन्ही पुस्तिका वर्गात एकाच आठवड्यात वाचाव्यात, प्रश्नही दोन्हींवर सारखेच काढावेत: काय केले, का केले, आपल्याला कशावरून कळले. मजकूर छपाईला जाण्याआधी पुण्याच्या पुरातत्त्व तज्ज्ञांना दाखवावा, तसाच गायता, भूमिया या गावच्या मानकऱ्यांना आणि म्हाताऱ्या बायांनाही वाचून दाखवावा. त्यांनी चूक काढली तर ती दुरुस्त करावी. आणि एखादे पान नको म्हणाले तर ते पान छापू नये.