शिकल्यासवरल्याने सीट का शिवू नये?

जुन्या मोटारीचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे हटकून इंजिनावर येते. रंग मूळचा आहे काय, सुटे भाग कुठून मिळवले, एका लिटरला किती पळते, याची चर्चा तासन्‌तास चालते. सीटविषयी कोणी विचारीत नाही. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करण्याचे नियम केले. चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. ज्या भागावर माणूस प्रत्यक्ष बसतो, त्याचे नाव त्या अटीत नाही!

त्यामुळे उपाय ठरलेला असतो. सीट फाटली की बाजारातले तयार कव्हर आणून वरून चढवायचे. आतली स्प्रिंग मोडलेली असो, काथ्याचा भुगा झालेला असो, वरून सारे चकचकीत. माझे म्हणणे याच्या उलट आहे. जुन्या गाडीची सीट घरी उघडावी, घरीच शिवावी, आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्यासारख्या मुलामुलींनी त्यात हात घालावा. हौस म्हणून नव्हे, विद्या म्हणून.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या मामांकडे १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. १९६४ पासून तिथे निघणाऱ्या फियाट अकराशेचेच हे पुढचे नाव. पुढची सीट सलग बाकासारखी, गिअर स्टिअरिंगपाशी. या दिवाळीच्या सुट्टीत ती सीट आम्ही उतरवून अंगणात आणली, आणि मी व आई अशा दोघींनी ती उलगडली.

उलगडली हाच शब्द योग्य. जुने कव्हर फाडून फेकायचे नसते. तारेच्या कड्या पकडीने एकेक काढायच्या, शिवणी ब्लेडने उसवायच्या, आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने आकडा घालून कुठला तुकडा कुठे जोडला होता ते लिहायचे. हे जीर्ण तुकडेच नव्या रेक्झिनचे माप. मात्र पन्नास वर्षे बसून बसून ते ताणलेले असतात, तेव्हा आंधळेपणाने गिरवून चालत नाही. कडेला किती माया सोडायची हे आईने एका नजरेत सांगितले. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला जे कळते ते मोटारीलाही लागू पडते, हे पाहून मामाही चकित झाले.

रेक्झिनला टाका लांब हवा. बारीक टाका दिसायला नेटका, पण जवळजवळ भोके पडली की पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखे रेक्झिन त्याच रेषेवर फाटते. घरचे शिलाई मशीन दोन पदर ओढते. पायपिंगच्या जागी चार पदर आले की अडते. तिथे चाक हाताने फिरवायचे, नाहीतर सरळ दाभण घ्यायची. आतली रचनाही पाहण्यासारखी आहे. खाली स्प्रिंगा, त्यांवर गोणपाट, म्हणजे स्प्रिंग वरच्या थरात घुसत नाही. मग काथ्या, मग फोम, मग मांजरपाट. कव्हर चढवण्याआधी रेक्झिन उन्हात टाकले की मऊ पडते. ताण द्यायचा तो मधून कोपऱ्यांकडे. कोपरे आधी धरले तर मधल्या सुरकुत्या जन्मात जात नाहीत.

हे चालले असताना मामा म्हणाले, "पोरी, एवढं कॉलेज शिकून तू सीटच शिवत बसणार व्हय?"

प्रश्न प्रेमाचा होता. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि माझ्या हातात सुई दिसू नये म्हणून तर सगळ्यांनी खस्ता खाल्ल्या. तरी मला हा प्रश्न मान्य नाही. 'शिकणे' म्हणजे हात धुऊन बाजूला होणे, ही कल्पना आपण कुठून आणली? २०१५ च्या सुमारास मुंबईत 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमात तरुण चित्रकारांनी टॅक्सीच्या सीटा व छतांसाठी सुंदर नक्षीची कापडे केली, आणि त्यांचे कौतुक परदेशापर्यंत झाले. ते योग्यच झाले. पण नक्षी काढणारा कलावंत आणि ती सीटवर बसवणारा कारागीर, ही वाटणी मला खटकते. पद्मिनी टॅक्सी तर ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून गेलीच.

आपला पट्टा मोटारींचा. १९७२ पासून आकुर्डीत चेतक स्कूटर बनू लागली, १९९८ साली पिंपरीत टेल्कोने इंडिका काढली, चाकणला आज देशी-परदेशी कारखाने उभे आहेत. आपल्यातील कित्येकांचे वडील-भाऊ तिथे कामाला जातात. पण नव्या सीटचा फोम साच्यात एकसंध ओतलेला असतो आणि माणसाच्या वाट्याला दिवसभर एकच शिवण येते. सीट बिघडली तर ती बदलायची. एवढ्या सीटा जिथे तयार होतात तिथे एक सीट उघडून पुन्हा उभी करणारा माणूस म्हणजे रस्त्याकडेला ताडपत्रीखाली बसलेला म्हातारा कारागीर. त्याचा मुलगा कंपनीत लागलेला असतो. त्याने मशीन आवरले की हे ज्ञानही आवरले, कारण ते कुठे लिहिलेले नाही. निदान आमच्या ग्रंथालयात तरी नाही.

आमच्या मराठीच्या वर्गात बोलींचे शब्द गोळा करण्याचा प्रकल्प असतो. त्यात माया, दाब, गोट, दाभण हे शब्द का येऊ नयेत? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना आहे. त्यात आमच्याकडची मुले बहुधा फायली लावतात. महाविद्यालयाच्या सभागृहातल्या खुर्च्यांतून काथ्या बाहेर आला आहे, हे प्राध्यापक मंडळींनी बसल्या बसल्या अनुभवलेच असेल. एक कारागीर आठवडाभर बोलवावा, त्याला व्याख्यात्याचे मानधन द्यावे, आणि त्याच्या हाताखाली दहा मुलांनी त्या खुर्च्या शिवाव्यात. दोघांनी वही घेऊन सारे लिहून घ्यावे. मी नाव द्यायला तयार आहे, शनिवार-रविवारखेरीज. कारण पद्मिनीची मागची सीट अजून उघडायची आहे.